हाउ टू लूज फ्रेंड्स अँड एलिअनेट पीपल (चित्रपट)

हाउ टू लूज फ्रेंड्स अँड एलिअनेट पीपल हा २००८ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील ब्रिटिश विनोदी चित्रपट आहे. न्यू यॉर्कमधील एका चकचकीत मासिकात नोकरीला लागलेल्या लंडनच्या उपद्व्यापी पत्रकाराची ही कथा आहे. वलयांकित व्यक्तींचे स्तोम आणि त्या स्तोमावर पोसली जाणारी पत्रकारिता हा तिच्या उपहासाचा विषय होय. चित्रपटाचे दिग्दर्शन रॉबर्ट बी. वाइडी यांनी केले असून पटकथा पीटर स्ट्रॉन यांची आहे. सायमन पेग, कर्स्टन डन्स्ट, जेफ ब्रिजेस, डॅनी ह्यूस्टन, जिलियन अँडरसन आणि मेगन फॉक्स यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. ब्रिटिश पत्रकार टोबी यंग यांनी २००१ साली याच नावाने प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनावर चित्रपट आधारलेला आहे.

शीर्षक

डेल कार्नेगी यांचे 'हाउ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल' हे १९३६ सालचे पुस्तक जगभर खपले. मराठी वाचकांनाही ते अनुवादांतून परिचित आहे. मित्र कसे जोडावेत आणि लोकांवर छाप कशी पाडावी, हे सांगणाऱ्या त्या नावाची यंग यांनी नेमकी उलटापालट केली. मित्र कसे गमवावेत आणि माणसे दूर कशी लोटावीत, असा नव्या शीर्षकाचा अर्थ होतो. हात दाखवून अवलक्षण करून घेणाऱ्या नायकाला ते शोभून दिसते.

पार्श्वभूमी

टोबी यंग यांनी १९९१ साली ज्युली बर्चिल आणि कॉस्मो लँड्समन यांच्यासह लंडनमध्ये 'द मॉडर्न रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले. मारधाडीचे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, पॉप संगीत यांविषयी विद्वज्जनांच्या गंभीर शैलीत लिहायचे, ही त्याची तऱ्हा होती. संपादकांमधील भांडणानंतर १९९५ साली ते बंद पडले. त्याच सुमारास यंग यांना न्यू यॉर्कच्या 'व्हॅनिटी फेअर' या मासिकात काम करण्याचे निमंत्रण आले.

'व्हॅनिटी फेअर' हे नाव थॅकरे यांच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ मात्र जॉन बन्यन यांच्या 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' या १६७८ सालच्या रूपकग्रंथात आहे. तेथे तो मिथ्या वैभवाचा बाजार आहे. एखाद्या मासिकाने हेच नाव अभिमानाने मिरवावे, यात थोडा आत्मोपहास होता. मासिकाचा पहिला अवतार १९१३ पासून १९३६ पर्यंत चालला. १९८३ साली त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि १९९२ साली ग्रेडन कार्टर त्याचे संपादक झाले. पुढे पंचवीस वर्षे, म्हणजे २०१७ पर्यंत, ते त्या पदावर होते. १९९४ पासून मासिकातर्फे ऑस्कर पुरस्कारांच्या रात्री दिली जाणारी मेजवानी ही हॉलिवूडमधील मानमान्यतेची कसोटीच ठरली. कोणाला बोलावणे आले आणि कोणाला नाही, याचीही बातमी होऊ लागली.

कार्टर यांचा पूर्वेतिहास या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९८६ साली त्यांनी कर्ट अँडरसन यांच्यासह 'स्पाय' हे मासिक काढले होते. न्यू यॉर्कमधील धनिक, नट-नट्या, प्रकाशनसंस्थांचे मालक आणि मिरवणाऱ्या बड्या मंडळींची निर्दय टिंगल हेच त्या मासिकाचे जीवितकार्य होते. डोनल्ड ट्रम्प हे त्याचे आवडते लक्ष्य. अशा मासिकाचा संस्थापक सहाच वर्षांत त्याच बड्या मंडळींना मुखपृष्ठावर बसवणाऱ्या मासिकाचा संपादक झाला. टवाळखोराला दरबारात सन्मानाने आसन मिळावे, असा हा प्रकार होता. यंग यांच्या पुस्तकाला आणि त्यावरील चित्रपटाला कथासूत्र मिळाले ते येथूनच.

यंग यांचे वडील मायकल यंग हे नामवंत समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५८ साली 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' हे पुस्तक लिहिले. बुद्धी आणि परिश्रम यांच्या मापाने माणसांची प्रतवारी लावणारा समाज किती अहंमन्य आणि कठोर होईल, याचे ते उपहासात्मक भविष्यचित्र होते. 'मेरिटॉक्रसी' म्हणजे गुणवत्ताशाही हा शब्द त्यामुळे रूढ झाला, परंतु रूढ झाला तो स्तुतिवाचक म्हणून. उपहास ज्याचा केला, त्यानेच तो शब्द बिरुदासारखा धारण केला. २००१ साली वृत्तपत्रात लेख लिहून मायकल यंग यांनी याबद्दल खंत व्यक्त केली. मुलाचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. कीर्तीलाच गुणवत्ता मानणाऱ्या शहरातील आपल्या फजितीकडे टोबी यंग वडिलांच्या या विचाराच्या आधारे पाहतात. पुस्तकातील हा वैचारिक धागा चित्रपटात जवळजवळ गळून पडला आहे. नायकाचे वडील तत्त्वज्ञ असल्याचा उल्लेख तेवढा उरतो. ही भूमिका बिल पॅटरसन यांनी संयमाने केली आहे.

न्यू यॉर्कला जाताना यंग यांच्या मनात जुन्या हॉलिवूड विनोदपटांतले फटकळ, कोणाचीही भीड न ठेवणारे बातमीदार होते. पहिल्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये डोरोथी पार्कर आणि रॉबर्ट बेंचली यांच्यासारखे विनोदी लेखक काम करीत, हेही त्यांच्या स्वप्नाला पोषक होते. या स्वप्नाला इतिहासाचा आधार अर्धाच होता. पार्कर यांची नाट्यपरीक्षणे बड्या निर्मात्यांना झोंबली, म्हणून १९२० साली त्यांना त्याच मासिकातून काढून टाकण्यात आले होते. बेंचली यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. जाहिरातदार आणि प्रतिष्ठित यांची मर्जी सांभाळण्याची रीत या व्यवसायात नवी नव्हती.

चकचकीत मासिकांचा व्यवहार

चित्रपटातील उपहास नीट कळण्यासाठी या मासिकांचे अर्थकारण थोडे समजून घ्यावे लागते. गुळगुळीत कागदावर छापलेल्या जाडजूड मासिकाचा खर्च वर्गणीतून निघत नाही. तो अत्तरे, घड्याळे, कपडे, मोटारी यांच्या जाहिरातींतून निघतो. जाहिरातदाराला खप हवा असतो आणि विक्रेत्याच्या मांडणीवरील खप मुख्यतः मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यावर ठरतो. म्हणून संपादकाला तारा किंवा तारका हवी. ताऱ्यालाही मासिक हवे असते, पण त्याच्या सोयीच्या वेळी, म्हणजे नवा चित्रपट झळकण्याच्या सुमारास. या दोन गरजांच्या मधोमध उभी असते ती ताऱ्याची प्रसिद्धी-प्रतिनिधी, चित्रपटसृष्टीच्या बोलीत पीआर.

जुन्या काळात हॉलिवूडचे स्टुडिओच आपल्या नटांच्या प्रसिद्धीची सूत्रे हलवीत. चाहत्यांसाठीच्या मासिकांना कोणती गोष्ट द्यायची आणि कोणती दडपायची, हे स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागात ठरे. १९५२ साली निघालेल्या 'कॉन्फिडेन्शियल' या मासिकाने ताऱ्यांची खाजगी गुपिते फोडून या व्यवस्थेला हादरा दिला. पुढे स्टुडिओंची पकड सुटली आणि ती सत्ता हळूहळू प्रसिद्धी-प्रतिनिधींकडे गेली. एकाच प्रतिनिधीकडे दहा-बारा मोठी नावे असली, की एका नटावरील कडवट लेखाची शिक्षा म्हणून उरलेल्या सर्वांच्या मुलाखती बंद करता येतात. मग अटी सुरू होतात. लेखक कोण, छायाचित्रकार कोण, कोणते प्रश्न वर्ज्य, मुखपृष्ठाची हमी आहे की नाही, आणि सर्वांत कळीची अट म्हणजे छापण्यापूर्वी मजकूर दाखवून त्याला संमती घेणे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने मासिकाचा खरा संपादक मासिकाच्या कचेरीबाहेर बसलेला असतो.

सामान्य वाचकाच्या दृष्टीने येथे गंभीर प्रश्न आहे. मुलाखत म्हणून जे त्याच्या हाती पडते, त्यासाठी त्याने पैसे मोजलेले असतात. प्रत्यक्षात ती वाटाघाटींतून ठरलेली जाहिरात असू शकते आणि तसे लेखात कोठेही सांगितलेले नसते. चित्रपटाच्या विनोदाखाली दडलेला मुद्दा हाच आहे.

कथानक

सिडनी यंग (सायमन पेग) हा लंडनमध्ये 'द पोस्ट मॉडर्न रिव्ह्यू' नावाचे छोटे, बुडीत चाललेले नियतकालिक चालवतो. वलयांकित व्यक्तींची खिल्ली उडवणे हा त्याचा धंदा असला, तरी त्यांच्या मेजवान्यांत घुसण्यासाठी तो वाटेल ते करायला तयार असतो. बाफ्टा पुरस्कारांनंतरच्या एका समारंभात तो 'बेब' चित्रपटमालेतील डुक्कर असल्याची बतावणी करून एक डुक्कर घेऊन शिरतो. डुक्कर सुटते आणि समारंभात हलकल्लोळ माजतो. या पराक्रमानंतर त्याला न्यू यॉर्कहून दूरध्वनी येतो. 'शार्प्स' या प्रख्यात मासिकाचा संपादक क्लेटन हार्डिंग (जेफ ब्रिजेस) त्याला नोकरी देऊ करतो. हार्डिंगनेही तरुणपणी 'स्नाइप' नावाचे टवाळखोर मासिक चालवलेले असते. सिडनीत त्याला आपलाच जुना अवतार दिसतो.

न्यू यॉर्कमध्ये सिडनीची प्रत्येक चाल उलटी पडते. पहिल्या दिवशी तो अश्लील मजकुराचा सदरा घालून कचेरीत येतो. ज्येष्ठ सहकारी लॉरेन्स मॅडॉक्स (डॅनी ह्यूस्टन) याच्याशी त्याचे बिनसते. ॲलिसन ओल्सन (कर्स्टन डन्स्ट) ही त्याची सहकारी फावल्या वेळात कादंबरी लिहीत असते. तिच्याशी त्याची पहिली गाठ भांडणातूनच पडते. तिचे विवाहित मॅडॉक्सशी प्रेमसंबंध आहेत, हे त्याला पुढे कळते.

इतक्यात सोफी मेस (मेगन फॉक्स) ही नवतारका उदयाला येते. मदर टेरेसांच्या तरुणपणावरील तिच्या आगामी चित्रपटाची झलक हे या चित्रपटातील सर्वांत धारदार विडंबन आहे. पवित्र विषयाला भडक प्रणयाची फोडणी देऊन पुरस्कारांवर डोळा ठेवणाऱ्या चित्रनिर्मितीचे ते काही क्षणांत वाभाडे काढते. सोफीची आणि व्हिन्सेंट लेपाक (मॅक्स मिन्गेला) या आत्मप्रौढ दिग्दर्शकाची प्रसिद्धी एलिनॉर जॉन्सन (जिलियन अँडरसन) सांभाळते. लेपाकवर प्रशंसापर लेख लिहावा आणि तो आधी आपल्याला दाखवावा, असे ती सिडनीला सुचवते. सिडनी नकार देतो आणि मासिकातील त्याची वाट खुंटते. सोफीचा लाडका कुत्रा त्याच्या हातून अपघाताने मरतो, तेव्हा तर सारेच संपल्यासारखे होते.

पुढे परिस्थिती अशी येते, की सिडनी एलिनॉरपुढे मान तुकवतो. ती सांगेल तसे लेख लिहू लागताच त्याची भरभराट होते. बढती मिळते, नाव होते, बंद दारे उघडतात. सोफीची नजर त्याच्या दिवंगत आईच्या अंगठीवर असते. अखेर ती अंगठीही तो देऊन टाकतो. लॉस एंजेलिसमधील पुरस्कार सोहळ्यात सोफीच्या शेजारी बसलेला असताना ॲलिसनचे आपल्यावर प्रेम असल्याचे त्याच्या ध्यानात येते आणि अंगठी परत मिळवण्यासाठी तो भर सोहळ्यात गोंधळ घालतो. शेवटी न्यू यॉर्कमध्ये उघड्या मैदानावर तिचा आवडता चित्रपट 'ला दोल्चे व्हिता' दाखवला जात असताना दोघांची भेट होते.

आशय

वरवर पाहता सिडनी हा साधा आगाऊ माणूस आहे. पेग यांच्या 'शॉन ऑफ द डेड' (२००४) आणि 'हॉट फझ' (२००७) या विनोदपटांमुळे प्रेक्षकांना त्यांच्याविषयी आपलेपणा होता, त्याचा लाभ या भूमिकेला मिळतो. मात्र लेखकाने नायकाच्या मनात एक गाठ मारून ठेवली आहे. लहानपणी दूरचित्रवाणीवर तारे पाहताना त्या जगात जाण्याची जी ओढ त्याला लागली, ती कधीच सुटलेली नाही. बाहेर उभा असताना तो जी टिंगल करतो, ती 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या जातीची आहे की खऱ्या स्वातंत्र्यातून आलेली आहे, हे द्राक्षे हाती आल्याखेरीज कळणार नसते. ती हाती आल्यावर तो काय करतो, हे चित्रपट दाखवतो. एलिनॉरला त्याच्यावर जबरदस्ती करावी लागत नाही. ती केवळ वाट पाहते.

हार्डिंगच्या तोंडी सात खोल्यांचे एक रूपक येते. ते मूळ पुस्तकातून आलेले आहे. नवागताला वाटते की आपण आत पोहोचलो, परंतु तो पहिल्याच खोलीत असतो. दुसऱ्या खोलीचे दार सापडायला वर्ष लागते आणि काहींना ते कधीच सापडत नाही. वलयांकित जगाच्या उतरंडीचे इतके नेमके वर्णन दुर्मीळ आहे. सातव्या खोलीत काय आहे, याचे आकर्षण माणसाला पहिल्या सहा खोल्यांत गप्प बसवते. ब्रिजेस यांनी हा संपादक थकलेला, बेरकी आणि स्वतःच्या तडजोडीची पुरेपूर जाण असलेला असा रंगवला आहे. त्यांचे काम चित्रपटात सर्वांत उजवे आहे.

'ला दोल्चे व्हिता' या फेदेरिको फेलिनी यांच्या १९६० सालच्या चित्रपटाची निवडही सहेतुक दिसते. त्याचा नायक मार्चेल्लो हा रोममधील बड्या लोकांच्या भानगडींवर लिहिणारा पत्रकार आहे. गंभीर लेखक होण्याची त्याची इच्छा मनातच राहते. छायाचित्रांसाठी ताऱ्यांचा पाठलाग करणाऱ्यांना आज 'पापाराझी' म्हणतात, तो शब्द त्याच चित्रपटातील पापाराझो या छायाचित्रकाराच्या नावावरून आला. पोशाखासह पाण्यात उतरणारी सोफी पाहून अनिता एकबर्ग यांचा त्रेव्ही कारंज्यातील प्रसंग आठवतो. तुलना मात्र नव्या चित्रपटाला जड जाते. फेलिनींचा नायक शेवटी समुद्रकिनाऱ्यावर हरवलेलाच राहतो, तर सिडनीला प्रेयसी मिळते.

पुस्तक आणि चित्रपट यांतील मुख्य भेदही हाच आहे. पुस्तकातील टोबी यंग यांना 'व्हॅनिटी फेअर'मधून निरोप मिळतो आणि ते अपयश पदरात घेऊन लंडनला परततात. सहकाऱ्याच्या वाढदिवसासाठी त्यांनी कचेरीत एका नग्ननर्तकीला बोलावले. नेमका तोच दिवस कर्मचाऱ्यांनी आपल्या मुलींना कामाची जागा दाखवायला आणण्याचा होता. असे प्रसंग पुस्तकात पश्चात्तापाचा फारसा आव न आणता सांगितलेले आहेत. चित्रपटात नायकाचे काटे बोथट केले गेले आणि उत्तरार्धात प्रेमकथेने उपहासाची जागा घेतली. मजकुराला संमती घेण्याचा प्रश्न पूर्वार्धात इतक्या ठळकपणे उभा केल्यावर त्याचे उत्तर अंगठीच्या गोष्टीत शोधणे ही पटकथेतील पळवाट म्हणावी लागेल. सिडनी स्वतंत्र लेखनाकडे वळतो की नाही, यापेक्षा ॲलिसन त्याला मिळते की नाही, याचीच प्रेक्षकाला काळजी लागते.

दोनच वर्षांपूर्वी, २००६ साली, 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' हा चित्रपट आला होता. त्यातही न्यू यॉर्कचे मासिक आणि बुजलेला नवागत आहे, पण तेथे संपादिका सर्वसत्ताधीश आहे आणि फॅशनच्या बाजूने बोलण्याची संधी तिला मिळते. मेरिल स्ट्रीप यांनी ती भूमिका अजरामर केली. या चित्रपटात संपादकाच्याही वर प्रसिद्धी-प्रतिनिधी बसलेली दिसते. व्यवसायाच्या आकलनाच्या दृष्टीने हे चित्र अधिक खोलवर जाते. लोकप्रियता मात्र पहिल्याच चित्रपटाच्या वाट्याला आली.

निर्मिती व प्रतिसाद

पुस्तकाचे २००३ साली लंडनमध्ये एकपात्री नाट्यरूपांतर झाले होते. चित्रपटाची निर्मिती स्टीव्हन वूली आणि एलिझाबेथ कार्लसन यांनी केली, तर संगीत डेव्हिड अर्नोल्ड यांचे आहे. चित्रीकरणादरम्यान कलावंतांना आणि दिग्दर्शकाला व्यत्यय आणल्यामुळे खुद्द टोबी यंग यांना चित्रीकरणस्थळी येण्यास मज्जाव झाल्याचे सांगितले जाते.

३ ऑक्टोबर २००८ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. पेग आणि ब्रिजेस यांची प्रशंसा झाली, उपहास पुरेसा तिखट नाही अशी तक्रारही झाली. तिकीटबारीवर चित्रपटाने मोठी मजल मारली नाही. प्रदर्शनाआधी तीनच आठवड्यांपूर्वी लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली होती. त्यानंतरच्या मंदीत जाहिराती आटल्या आणि चकचकीत मासिकांचे वैभव ओसरू लागले. पुढे समाजमाध्यमे आली. तारे आपली छायाचित्रे आणि मजकूर स्वतःच प्रसिद्ध करू लागले, तेव्हा संमती मागण्यासाठी मध्ये कोणी संपादकच उरला नाही. 'शार्प्स'ची कचेरी, तेथील मेजवान्या आणि मुखपृष्ठासाठी चाललेली रस्सीखेच यांचे हे चित्रण त्यामुळे एका सरत्या काळाची नोंद ठरले आहे.

पटकथाकार स्ट्रॉन यांना पुढे 'कॉन्क्लेव्ह' या चित्रपटासाठी २०२५ साली सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेचा ऑस्कर मिळाला. दिग्दर्शक वाइडी यांचा हा पहिला कथाचित्रपट होता. त्याआधी 'कर्ब युअर एन्थुझिअॅझम' या दूरचित्रवाणी मालिकेच्या दिग्दर्शनासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळालेला होता. त्या मालिकेच्या शेवटी त्यांचे नाव एका विशिष्ट सुरावटीसह पडद्यावर येत असे. काही वर्षांनी लोकांनी ते दृश्य कोणाच्याही फजितीच्या चित्रफितींना जोडण्यास आरंभ केला आणि या चित्रपटाचे नावही न ऐकलेल्या असंख्य लोकांना त्याच्या दिग्दर्शकाचे नाव पाठ झाले.